कढई मंडळाची, वगराळं अक्काचं

मी खोटं बोलत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. थोडं वाढवून सांगतो, एवढंच. आणि वाढवून सांगणं हा आमच्या गावात दोष मानत नाहीत. कोल्हापुरात कुणी नुसतं "पाऊस पडला" म्हणालं, तर समोरचा काळजीनं विचारतो, "बरं वाटत न्हाय काय रं तुला?" तेव्हा मी जर म्हणालो की ती कढई एवढी मोठी होती, की तिच्यात एक म्हैस पोहली असती आणि तिचं रेडकू काठावर बसून बघत राहिलं असतं, तर वाचकांनी त्यातलं रेडकू वगळावं. म्हैस खरी आहे.

पण त्या एका कढईच्या आधी दोन कढया सांगितल्या पाहिजेत.

आमच्या चर्चच्या आवारात एका बाजूला चिंच आहे, दुसऱ्या बाजूला विहीर, आणि मधे मुरूम टाकलेलं मोकळं अंगण. दरवर्षी दिवाळीनंतर आमचा कापणीचा सण असतो. शेतात, परसात, कुंडीत जे काही पिकलं असेल ते आणून देवापुढं मांडायचं, उपकारस्तुती करायची, आणि मग अंगणात सगळ्या मंडळीचं प्रीतिभोजन. प्रीतिभोजन म्हणजे मटण. याला शास्त्रात आधार नाही, पण कोल्हापुरात मटणाला आधार कुणी मागत नाही.

तर या मटणाच्या दोन कढया चढायच्या. एक चिंचेखाली, एक विहिरीकडं. चिंचेखालची आमची, विहिरीकडची त्यांची. भाकऱ्याही घरोघरून यायच्या त्या दोन बुट्ट्यांत. बाहेरच्या कुणी विचारलं तर आम्ही सांगायचो, "चिंचेखालचा रस्सा जहाल असतोय, विहिरीकडचा जरा मवाळ. ज्याला जे झेपंल ते." हे मात्र वाढवून सांगणं नव्हे, हे साफ खोटं होतं. दोन्ही रस्से सारखेच जहाल असत. दोन्हीकडची माणसं सारखीच नाकं पुसत. खरं कारण असं, की आमचे पणजोबा-खापरपणजोबा निरनिराळ्या वाड्यांतून, निरनिराळ्या वस्त्यांतून प्रभूकडं आले. येताना त्यांनी देव्हारे सोडले, नवस सोडले, गंडेदोरे सोडले. पण कोण कुणाच्या हातचं खातो, हे गाठोडं तेवढं काखेतच राहिलं. आत देवळात एकाच भाकरीचा तुकडा मोडून प्रभुभोजन घ्यायचं, आणि बाहेर येऊन दोन कढयांपुढं दोन रांगा लावायच्या. दर वर्षी. गाणी गात.

चिंचेखालच्या कढईचं वगराळं माझ्याकडं होतं. लांब दांड्याचं, पितळी. त्या वगराळ्यानं आधी माझ्या आजोबांनी वाढलं, मग वडिलांनी, मग मी. आमच्या घरात जमिनीचा तुकडा नाही, पण वगराळं आहे, असं मी लग्नाच्या वेळी सासऱ्यांना अभिमानानं सांगितलं होतं. तरी त्यांनी मुलगी दिली. विहिरीकडचं वगराळं होतं ड्रायव्हरकाकांकडं. हे एसटीतून निवृत्त झालेले. बोलायला लागले की घाटात हॉर्न दिल्यासारखं बोलतात. सणाच्या दिवशी आम्ही आपापल्या कढईमागं उभे राहून एकमेकांना ऐकू जाईल असं बोलायचो.

"आज विहिरीकडं वरण केलंय वाटतं, वासच येईना!"

"चिंच पडली काय रं तुझ्या रश्श्यात? तोंड आंबट झालंय तुझं!"

माझा लेथचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे एक लेथ, एक ग्राइंडर आणि मी. तुम्ही लोखंडाचा तुकडा नुसता माझ्या हातात द्या, सूतभर फरक असेल तर मी डोळे मिटून सांगतो. पण अंगणात वीस पावलांचा फरक पडलेला मला इतक्या वर्षांत दिसला नाही. किंवा दिसला, पण वगराळं माझ्या हातात होतं ना.

आता अक्का.

अक्का सीमेपलीकडची, कानडी मुलखातली. नवऱ्याच्या नोकरीपायी तीस वर्षांपूर्वी कोल्हापुरात आली, नवरा गेला तरी इथंच राहिली. मुलींच्या एका वसतिगृहात तिनं जन्मभर स्वयंपाक केला. रोज दोनशे पोरी जेवायच्या तिच्या हातचं. पोरी सुट्टीला घरी गेल्या की आयांच्या स्वयंपाकाला नावं ठेवायच्या, असं म्हणतात. असं मीच म्हणतो, पण ते खरं आहे. आणि ही अक्का कापणीच्या सणाला काय करायची? पहाटे येऊन दोन्ही कढयांचे कांदे आणि लसूण सोलायची. कांद्याला चिंच-विहीर काही नव्हतं. सोलून झालं की हात धुऊन बाजूला. वगराळ्यापर्यंत तिचा हात कधी गेला नाही. ती कुठल्या वस्तीतून प्रभूकडं आली, हे चिंचेकडच्यांनाही ठाऊक होतं आणि विहिरीकडच्यांनाही. त्या एका बाबतीत मात्र दोन्हीकडच्यांचं एकमत होतं.

त्या वर्षी सणाच्या महिनाभर आधी अक्का माझ्या कारखान्यात आली. लेथ चालू होता, तो मी बंद केला. ती स्टुलावर बसली, पदरानं चष्मा पुसला.

"तम्मा, मी चालले हुबळीला. लेकीकडं. खोली सोडली."

तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. पन्नाशी उलटलेल्या माणसाला कुणी धाकटा म्हटलं की बरं वाटतं.

"कधी?"

"सण झाला की. सण बघून जाते." मग म्हणाली, "एक मागायचं होतं. दोनशे पोरींना जेवू घातलं मी रोज. आपल्या मंडळीला एकदाबी न्हाय. जाण्याआधी एकदा माझ्या हातचं सगळ्यांनी जेवावं. एकदाच. मग मी सुखानं जाते."

मी काय म्हणालो असेन? "व्हय अक्का, हे घे वगराळं"? छे. मी म्हणालो, "कमिटीत विषय घेतो की."

कमिटी झाली. मी मांडवावर बोललो, ताडपत्रीवर बोललो, माइकवाल्यानं मागच्या वर्षी शिट्टी कशी वाजवली यावर पंधरा मिनिटं बोललो. अक्काचा विषय तेवढा घेतला नाही. बैठक संपल्यावर बाहेर ती लसणाची पिशवी घेऊन उभी होती. "पुढच्या बैठकीत," मी म्हणालो, आणि स्कूटरला किक मारली. पुढची बैठक नव्हती, हे तिलाही माहीत होतं.

त्या कमिटीत पाळकसाहेबांनी मात्र एक विषय घेतला. पाळकसाहेब मराठवाड्यातले, अंगानं काडी, आवाजानं मऊ. ते म्हणाले, "मागच्या वर्षी झारखंडची मुलं न जेवता गेली. या वर्षी तसं व्हायला नको."

हे मला आठवत होतं. सगळ्यांनाच आठवत होतं. एमआयडीसीतल्या फौंड्रीत काम करणारी झारखंडची आठ-दहा आदिवासी पोरं दर रविवारी येऊन शेवटच्या बाकावर बसतात. पिढ्यान् पिढ्या ख्रिस्ती. आवाज असा, की छपराची कौलं हलावीत. मागच्या सणाला ती पोरं ताटल्या घेऊन अंगणाच्या बरोबर मध्यावर उभी राहिली. एकानं मला विचारलं, "दादा, हमारी लाइन कौन सी है?" मी चिंचेकडं बघितलं, विहिरीकडं बघितलं. ड्रायव्हरकाकांनी विहिरीकडं बघितलं, चिंचेकडं बघितलं. तेवढ्यात पोरांनी ताटल्या ठेवल्या आणि हसत हसत निघून गेली. संध्याकाळी मला ती बसथांब्यावर केळी खाताना दिसली. मी स्कूटर दुसऱ्या रस्त्यानं घातली.

तर या वर्षी माणसं वाढणार हे ठरलं. आणि नेमकी चिंचेखालची कढई बुडाला भोक पडून गेली. मी म्हणालो, हा घातपात आहे. दोन दिवसांनी विहिरीकडच्या कढईचा कान निखळला. ड्रायव्हरकाका म्हणाले, हा सूड आहे. भांडी भाड्यानं देणाऱ्याकडं गेलो तर लग्नसराई. त्यांच्याकडं चहाचं पातेलंसुद्धा शिल्लक नव्हतं. म्हणून मी आमच्या पेठेतल्या तरुण मंडळाच्या अध्यक्षाकडं गेलो. गणपतीत त्यांचा महाप्रसाद असतो. अर्धी पेठ जेवते, उरलेली अर्धी वाढते.

अध्यक्ष म्हणजे जुना पैलवान. कान चेपलेले, मान नाहीच. डोकं थेट खांद्यावर ठेवलेलं. तालमीच्या कट्ट्यावर बसला होता.

"कढई पायजे व्हय? किती माणसाची?"

"दोन पायजेत. अडीचशे-अडीचशेच्या."

"अडीचशेच्या?" तो असा हसला, की शेजारचं कुत्रं उठून गेलं. "भावा, तसल्या लहान आम्ही ठेवत न्हाय. तसल्यात आमचं कार्यकर्ते नाष्टा करत्यात."

इथं गप्प बसणारा माणूस कोल्हापूरचा नव्हे. "मग मोठ्यात मोठी कुठली हाय ती दावा," मी म्हणालो. त्यानं गोदामाचं शटर वर केलं. आत ती बसली होती. गुऱ्हाळावरच्या काहिलीची थोरली बहीण. आत बोललं की आवाज घुमायचा. मनातून मी हादरलो, तोंडानं म्हणालो, "एवढीच?"

अध्यक्ष उठला. "एवढीच? अवो, हजार माणूस जेवतंय हिच्यात! पण एक हाय. ही म्हाप्रसादाची कढई. हिच्यात मटण चालायचं न्हाय. आणि तुमच्या लोकांचं मटणाशिवाय काय जमतंय व्हय? तवा राहू द्या."

राहू द्यायचं. नमस्कार करून घरी यायचं. एवढं सोपं होतं. पण तो "जमतंय व्हय" असा म्हणाला, आणि कट्ट्यावर चार पोरं बसली होती.

"मटणाशिवाय?" मी म्हणालो. "आमचं बिनमटणाचं जेवलासा, तर मटणाचं नाव विसरशीला! या की रविवारी. एकटं न्हाय, समदं मंडळ घेऊन या!"

"येतो की," अध्यक्ष म्हणाला. "साठ जण हाय आम्ही."

घरी येईपर्यंत माझ्या लक्षात आलं की मी एका दमात चार गोष्टी केल्या होत्या. दोनच्या जागी एक कढई घेतली. सणाचं मटण घालवलं. साठ पैलवान जेवायला बोलावले. आणि मला स्वतःला मटणाशिवाय काही शिजवता येत नाही, हे विसरलो. कोल्हापुरात दिलेलं आमंत्रण परत घेता येत नाही. गाव सोडणं त्यापेक्षा सोपं.

शुक्रवारी कढई टेम्पोतून आली, आणि आवाराच्या फाटकातून आत जाईना. आडवी जाईना, उभी जाईना. मी फौंड्रीत फोन लावला; माझ्या कामाच्या ओतीव जिनसा तिथूनच येतात. सुटी झाल्यावर झारखंडची पोरं साखळी-पुली घेऊन आली. त्यांनी ती कढई भिंतीवरून अशी अलगद उचलून आत उतरवली, जसं झोपलेलं मूल पाळण्यात ठेवतात. उतरवली ती अंगणाच्या मधोमध. चिंचेकडं सरकवावी तर फांदी आडवी. विहिरीकडं सरकवावी तर कठडा आडवा. मी चालून मोजलं: इकडून दहा पावलं, तिकडून दहा पावलं. मागच्या वर्षी ती पोरं जिथं ताटल्या घेऊन उभी होती, बरोबर तिथं.

शनिवारी दुपारी मंडळी सणाचा माल घेऊन आली आणि कढईभोवती गोळा झाली. आता सांगणं भाग होतं. मी सांगितलं.

"मटण न्हाय?" ड्रायव्हरकाका म्हणाले. "न्हाय म्हंजे काय? उशिरा हाय?"

"न्हायच."

"अरं, ख्रिस्ती माणसाच्या सणाला मटण न्हाय? पोटात काय स्तोत्र घालायचं?"

मग जो गलका झाला, तो पन्हाळ्यावर ऐकू गेला असणार. बायका बोलत होत्या, वडील मंडळी बोलत होती, माइक बंद असून शिट्टी मारत होता. शेवटी पाळकसाहेबांनी हात वर केला.

"झालं ते झालं. कढई एकच आहे. मटण नाही. उद्या साठ पाहुणे येणार. आता एवढंच सांगा, शिजवणार कोण?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी ड्रायव्हरकाकांकडं बघितलं. काकांनी आपल्या चपलांकडं बघितलं. "मला रस्सा येतोय," ते म्हणाले, इतक्या हळू, की मी त्यांना आजारी समजलो. "पाचशे माणसाची भाजी-आमटी मला न्हाय येत."

"मलाबी," मी म्हणालो.

आता अंगणात एकच आवाज येत होता, लसूण सोलल्याचा. अक्का विहिरीच्या पायरीवर बसली होती. तिनं वर बघितलंसुद्धा नाही.

मी आयुष्यात बऱ्याच गोष्टी मोठ्यानं बोललो आहे, त्यातल्या बहुतेक नसत्या तरी चाललं असतं. ही एक गोष्ट मी बारीक आवाजात बोललो. "अक्कानं मला महिन्यापूर्वी विचारलं होतं. मंडळीला एकदा जेवू घालायचंय म्हणून. ती सण झाल्यावर हुबळीला कायमची चालली. मी विषय घेतो म्हणालो, आणि घेतला न्हाय. भ्यालो मी."

"कुणाला?" पाळकसाहेबांनी विचारलं.

उत्तर माझ्या आत्यानं दिलं. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण, ऐंशी पार, चिंचेखालच्या रांगेची राणी. काठी मुरमात रोवून ती म्हणाली, "तिच्या हातचं?"

एवढंच. दोनच शब्द. पण आमच्या दोन कढया, दोन बुट्ट्या, दोन रांगा, सगळं त्या दोन शब्दांत बसलं. आत्या जे बोलली, ते निम्म्या लोकांच्या पोटात होतं.

अक्का उठली. पदरातली लसणाची सालं झटकली आणि आत्यासमोर येऊन उभी राहिली. भांडायला नाही. दोन घरच्या बायका वेशीवर बोलतात तशी.

"आत्याबाई, तुमच्या रश्श्यातला लसूण तीस वर्षं माझ्याच हातचा हाय. कांदाबी. ते चाललं की तुम्हाला. आता भाजी तेवढी ऱ्हायली."

विहिरीकडून कुणीतरी खुदकन हसलं. मग चिंचेकडून. आत्या हसली नाही. "मी माझा डबा आणीन," ती म्हणाली, आणि काठी टेकत निघाली. मला वाटलं, तिच्यामागं निम्मी चिंच जाईल. कुणी गेलं नाही. ड्रायव्हरकाकांनी घसा खाकरला आणि आपल्या मूळच्या आवाजात विचारलं, "मग आता कांदं कोण सोलणार?"

"तू," अक्का म्हणाली. मग माझ्याकडं बोट केलं. "आणि हा."

रविवारी सकाळी मी माझं वगराळं अक्काच्या हातात दिलं. तिनं ते उजेडात धरून उलटंपालटं करून बघितलं, नखानं खरवडलं आणि म्हणाली, "घासलं न्हाईस की नीट." आजोबा, वडील आणि मी अशा तिघांचा उद्धार एका वाक्यात झाला. मग तिनं ते आधी चिंच लावून घासायला लावलं. आमच्याच चिंचेची.

मग ती देवळात गेली. देवापुढं मांडलेला माल बघितला आणि पाळकसाहेबांना म्हणाली, "हे सगळं कढईत." गडमुडशिंगीकडची वांगी, कुणाच्या परसातला भोपळा, मेथी, पालक, चाकवत, शेंगा, गूळ. एका घरून तूरडाळ, दुसऱ्या घरून मुगाची. झारखंडच्या पोरांना ना शेत, ना परस. त्यांनी खोल्यांपुढं रंगाच्या रिकाम्या डब्यांत मिरच्या लावल्या होत्या, त्या टोपीत घालून आणल्या होत्या. बोटाएवढ्या, लालभडक. अक्कानं एक मिरची मोडून जिभेला लावली, डोळे मिटले आणि म्हणाली, "अय्यो. ह्या सगळ्या."

तिनं केला गरगट्टा. तिच्या मुलखाकडचा पदार्थ. डाळी आणि सगळ्या भाज्या एकत्र शिजवायच्या, घोटायच्या, आणि वरून लसणाची फोडणी. हा पदार्थ चार माणसांसाठी करताना हात दुखतात. पाचशे जणांचा घोटायला अक्कानं झारखंडच्या पोरांच्या हातात वल्ह्याएवढी लाकडी उलथनी दिली. पोरं कढईभोवती उभी राहिली, आपल्या भाषेतलं गाणं धरलं आणि त्या ठेक्यावर घोटायला लागली. एकानं घाम पुसत मला सांगितलं, "दादा, उधर लोहा, इधर दाल. इधर खुशबू अच्छी है." आणि अक्का एका स्टुलावर चढून त्या सगळ्यांवर हुकूम सोडत होती. अर्धे कानडीत, अर्धे मराठीत. पोरांना दोन्ही येत नव्हतं, तरी एकही हुकूम चुकला नाही.

मी आणि ड्रायव्हरकाका एका पाटावर बसून कांदे सोलत होतो. दोघांचेही डोळे वाहत होते.

"तीस वर्षं हे काम केलं की रं तिनं," काका म्हणाले.

"व्हय."

"एकदाबी डोळं पुसताना दिसली न्हाय."

"आपण बघितलं कुठं?"

काकांनी नाक ओढलं. "कांदा लई उग्र हाय," ते म्हणाले. मी म्हणालो, व्हय, लई उग्र हाय.

उपासना चालू असताना फोडणी पडली. उपदेश काय झाला ते मला विचारू नका. तो वास खिडक्यांतून आत आला आणि शेवटच्या बाकापासून पहिल्या बाकापर्यंत माना वळत गेल्या. पाळकसाहेबांचे चार मुद्दे होते; दुसऱ्यावरच "आमेन" म्हणाले. असा छोटा उपदेश त्या देवळानं आधी ऐकला नव्हता.

बाहेर आलो तर साठ पैलवान फाटकात उभे. भाकऱ्या आल्या होत्या घरोघरून, पण बुट्टी एकच ठेवलेली. कुणाच्या भाकरीवर कुणाची भाकरी पडली, कळायला मार्ग नव्हता. आता रांगा कुठं लावायच्या? कढई मधोमध, त्यामुळं रांग लागेचना. पंगत आपोआप गोल झाली, कढईभोवती.

झारखंडची पोरं हात-पाय धुऊन ताटल्या घेऊन आली आणि सवयीनं मधे थबकली. अक्कानं वगराळं त्यांच्याकडं रोखलं. "बसा की, पावणं. उभं का?"

आणि पहिलं वगराळं तिनं त्यांच्या ताटलीत घातलं.

अध्यक्ष चौदा भाकऱ्या जेवला. मी मोजल्या नाहीत, पण तेराच्या खाली नसणार. शेवटी ताटली पुसत म्हणाला, "भावा, मटण इसरलो न्हाय. पण आठवण आली न्हाय, हे खरं." पैलवानाच्या तोंडून याच्यापुढं काही निघत नाही.

आत्या पंगत निम्मी झाल्यावर आली. हातात चार पुडांचा स्टीलचा डबा. चिंचेखाली खुर्ची टाकून बसली, डबा मांडीवर. उघडला नाही. वारा अंगणातून चिंचेकडं वाहत होता आणि वाऱ्याला कोण अडवणार? अर्धा तास ती तशीच बसली. मग अक्का तिच्यापर्यंत चालत गेली, हातात एक ताटली. आत्यानं ताटली घेतली. पहिला घास खाल्ला, जरा वेळ चावत राहिली, आणि म्हणाली, "मीठ बरोबर हाय."

माझ्या स्वयंपाकाला तिनं आयुष्यात एवढंही म्हटलं नव्हतं.

जेवण झाल्यावर तिनं तो डबा अक्काकडं दिला. "घरी न्यायला भर." अक्कानं झाकण काढलं. चारही पुडं रिकामी. घासून-पुसून लख्ख. सकाळी त्यात काही होतं की आत्या मुळातच रिकामा डबा घेऊन आली होती, हे तिनं आजतागायत सांगितलेलं नाही. मी विचारलं तर काठी उचलते.

पुढच्या गुरुवारी अक्काला स्टँडवर पोचवायला आम्ही गेलो. ड्रायव्हरकाका एसटीच्या ड्रायव्हरला "घाटात दमानं" म्हणून बजावून आले, जरी कोल्हापूर-हुबळी रस्त्यावर मोठा म्हणावा असा घाट नाही. अक्काच्या सामानात एक ट्रंक, एक वळकटी, आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक लांब जिन्नस. कागदातून पितळी दांडा बाहेर आला होता. आता घरी मंडळी म्हणतात, तू तीन पिढ्यांचं वगराळं हरवलंस. मी म्हणतो, मी दिलं. खरं सांगायचं तर मी ते दिलं नव्हतं. अक्कानं मागितलंही नव्हतं. त्या रविवारी ते तिच्या हातात गेलं आणि परत मागायची कुणाची टाप झाली नाही, माझीही नाही.

पंधरा दिवसांपूर्वी फोन आला. हुबळीहून.

"तम्मा, सणाला मी येते. तीच कढई सांग मंडळाची. दुसरी नको."

"सांगतो की."

"आणि आत्याबाईंना सांग, डबा दोन आणा म्हणावं. मागच्या वेळी कमी पडलं."

"आणि मी? मी काय करू?"

पलीकडून ती हसली. "तू आणि ड्रायव्हर. दीड पोती कांदा हाय."

काल मी सुऱ्यांना ग्राइंडरवर धार लावली. दोन सुऱ्या. एक काकांची.